सुरक्षित दिवसांचा हिशेब

समुपदेशनासाठी येणाऱ्या तरुण मुली सर्वांत जास्त वेळा विचारतात तो प्रश्न असा: "पाळी लांबली आहे, मला दिवस तर गेले नसतील ना?" हाच प्रश्न घेऊन आलेल्या २३ वर्षांच्या एका तरुणीची ही हकिकत तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून लिहीत आहे.

ती आली तेव्हा बसण्याआधीच तिने पर्समधून टिश्यू पेपरमध्ये गुंडाळलेली प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली. पट्टीवर एक ठळक रेघ होती आणि तिच्या शेजारी, उजेडात तिरकी धरली तरच दिसेल अशी एक करडी सावली होती. "मॅडम, ही दुसरी रेघ आहे का?" तिने विचारले. टेस्ट केली त्या सकाळी एकच रेघ आली होती, पण रात्री पट्टी पुन्हा पाहिली तेव्हा ही सावली दिसली आणि तेव्हापासून तिची झोप उडाली होती. पाकिटावर दिलेली काही मिनिटांची मुदत उलटल्यावर पट्टी वाचायची नसते, कारण लघवी वाळताना असा रंगहीन डाग उमटू शकतो, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

तिच्या भीतीचे मूळ दोन आठवड्यांपूर्वीच्या प्रसंगात होते. मित्राशी जवळीक झाली तेव्हा दोघांच्याही अंगावर कपडे होते, तरीही दुसऱ्या दिवशी तिने घाबरून तातडीची गर्भनिरोधक गोळी घेतली. नंतर मळमळ सुरू झाली, ती गोळीमुळेही होऊ शकते. पण तिने ते गर्भारपणाचेच लक्षण मानले आणि तिसऱ्या दिवशी टेस्ट केली. गर्भधारणेसाठी वीर्य योनीत किंवा निदान योनिमुखाशी पोहोचावे लागते. अंगावरच्या कपड्यांतून शुक्राणू आत जात नाहीत आणि कापडावर वाळल्यावर ते निकामी होतात. त्या प्रसंगातून दिवस जाण्याची शक्यता नाही, असे मी तिला निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, कारण अशा वेळी मोघम धीर दिला तर भीती आणखी वाढते.

मग मी विचारले, या पाळीनंतर आणखी कधी संबंध आला होता का? ती सहजपणे म्हणाली, "हो, पण तो आठव्या दिवशी. पाळी नुकतीच संपली होती, ते दिवस सुरक्षितच असतात ना? शिवाय त्याने काळजी घेतली होती." ही काळजी म्हणजे वीर्यस्खलनापूर्वी बाजूला होणे, एवढीच होती. ज्या प्रसंगात धोका नव्हता त्याने तिचे १४ दिवस पोखरले होते आणि ज्यात होता तो तिच्या हिशेबातच नव्हता.

मी कागद पुढे ओढला आणि मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा तिच्याकडून लिहून घेतल्या. तिचे चक्र, म्हणजे एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ, कधी २४ दिवसांचे, तर कधी ३३ दिवसांचे होते. बीजांड मागच्या पाळीनंतर ठरावीक दिवशी बाहेर पडत नाही; ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बाहेर पडते, म्हणून चक्र लहान झाले की तो दिवस अलीकडे येतो. २४ दिवसांच्या चक्रात तो दहाव्या दिवसाच्या आसपास येतो. बीजांड जेमतेम १२ ते २४ तास टिकते, पण शुक्राणू स्त्रीच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे अशा महिन्यात पाचव्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत दिवस जाऊ शकतात. पेन्सिलीने मागे मोजत ती स्वतःच आठवर थांबली आणि बराच वेळ काही बोलली नाही. पुढची पाळी कधी येणार हे आधी कोणालाच ठाऊक नसते, म्हणून 'सुरक्षित काळ' हा शब्द मी माझ्या कामात कित्येक वर्षांपासून वापरत नाही.

त्या दिवशी तिच्या चक्राचा ३८वा दिवस होता, म्हणजे आठव्या दिवसाच्या संबंधाला ३० दिवस झाले होते. टेस्ट लघवीतले जे संप्रेरक ओळखते ते गर्भ गर्भाशयात रुजल्यावर वाढू लागते. म्हणून संबंधानंतर २१ दिवस उलटल्यावर केलेल्या टेस्टवर विश्वास ठेवता येतो, त्याआधी एकच रेघ आली तरी खात्री देता येत नाही. मग पाळी का लांबली असेल? तातडीची गोळी बीजांड बाहेर पडणे लांबवते, त्यामुळे पाळी काही दिवस पुढे-मागे होऊ शकते, आणि सततच्या ताणानेही ती लांबते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीची टेस्ट करावी आणि ओटीपोटात तीव्र कळ, चक्कर किंवा खूप रक्तस्राव झाल्यास न थांबता डॉक्टरांकडे जावे, एवढे सांगून मी तिला पाठवले.

टेस्टमध्ये एकच रेघ आली. या वेळी तिने मुदतीत वाचून पट्टी लगेच टाकून दिली. चार दिवसांनी पाळी आली.

पुढच्या भेटीला ती मित्राला बरोबर घेऊन आली. बाजूला होण्याची पद्धत वापरणाऱ्या १०० जोडप्यांपैकी सुमारे २० जणींना वर्षभरात दिवस जातात, हे ऐकून तो ओशाळला आणि म्हणाला, "मला वाटत होते, मी जबाबदारीने वागतोय." त्याचा हेतू प्रामाणिक होता, यात मला शंका नाही, त्यालाही कोणी काही शिकवले नव्हते. कंडोम प्रत्येक वेळी आणि सुरुवातीपासून वापरायचा, असे दोघांनी ठरवले, आणि तांबी की रोजची गोळी हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारायचे म्हणून आपले प्रश्न त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहून नेले.