सोडवता येतं, सोडता येत नाही

सोलापूर
रविवार, रात्री

प्रिय मुली,

सकाळी कॅटच्या मॉकचा, म्हणजे एमबीए प्रवेशाच्या त्या परीक्षेच्या सराव पेपरचा, निकाल दाखवताना तुझा चेहरा पार उतरला होता. तेव्हा मी फारसं बोलले नाही, कारण मला आधी तुझी कच्ची वही बघायची होती. ती आत्ता बघून झाली.

डीआयएलआरच्या, म्हणजे आकडे आणि तर्काच्या विभागातल्या, पहिल्याच सेटला (एकाच माहितीवरच्या प्रश्नांच्या गटाला) दोन पानं गेलीत. सहा मित्र, गोल टेबल, कोण कोणाशेजारी. तीनदा तक्ता आखलास, तीनदा खोडलास. कोपऱ्यात वेळ टिपायची तुझी सवय चांगली आहे, त्यामुळे कळलं की ४० पैकी १९ मिनिटं तिथेच गेली. त्याच पेपरात चौथा सेट टक्केवारीचा होता, तो तू उघडलासुद्धा नाहीस. मी आत्ता सोडवला, आठ मिनिटांत झाला.

तुझं गणित कच्चं नाही गं. प्रश्न सोडवता येतात तुला, सोडता येत नाहीत. शाळेत पहिला नंबर काढणाऱ्या मुलांचं हेच होतं. प्रश्न अर्धा टाकणं म्हणजे हार, असं डोक्यात बसलेलं असतं. माझंही तेच झालं. माझ्या वेळी कॅटच्या प्रत्येक विभागाला ६० मिनिटं असायची, तरी एका सेटमध्ये अशी रुतले की शेवटचे दोन वाचायचेच राहिले. बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, शेवटचा तर किती सोपा होता! ते ऐकून घशाखाली घास उतरेना.

म्हणून आता पहिली चार-पाच मिनिटं नुसते सगळे सेट वाच, पेन खाली ठेवून. कुठला आधी घ्यायचा ते ठरव आणि मगच हात लाव. सहा-सात मिनिटांत धागा सापडला नाही तर पुढे जायचं. जीव तुटेल, तरी जायचं.

कॅट आणि आपली महाराष्ट्राची एमबीए सीईटी, दोन्हींचा अभ्यास बराचसा एकच आहे, पण हाताला लावायच्या सवयी उलट्या. कॅटमध्ये बरोबर उत्तराला ३ गुण आणि पर्याय निवडायचा प्रश्न चुकला की १ वजा. जिथे उत्तर टाइप करायचं असतं तिथे वजा काही नाही, ते कोरे ठेवू नकोस. सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एकाला जेमतेम ४५ सेकंद, आणि चुकीला दंड नाही. तिथे एकही प्रश्न रिकामा राहिला तर मी रागावेन. नोव्हेंबरात कॅट झाली की सीईटीचे पूर्ण पेपर वेगळे लावून बस.

गणितात सूत्रांच्या मागे फार धावतेस. चाटी गल्लीत ५०० ची चादर २० टक्के चढवून ६०० ला लावली आणि त्यावर २० टक्के सूट दिली, तर ४८० हातात येतात. बाबांच्या दुकानात हे तू तोंडी सांगतेस. मग पेपरात क्ष मानून अर्धं पान का भरतेस?

आणि ते इंग्रजीचं. मराठी माध्यमामुळे उतारे जमत नाहीत म्हणालीस, ते मला पटलेलं नाही. दहावीपर्यंत तू वाचनालयातली कपाटंच्या कपाटं वाचून काढलीस. लेखक कुणाशी भांडतोय, कुठे आवाज चढवतोय, हे तुला कळतं. उताऱ्यावरचे प्रश्न बहुतेक तेच विचारतात. रोज एक इंग्रजी अग्रलेख वाच, पेपर मिटव आणि त्याचं म्हणणं एका मराठी वाक्यात लिही. वाक्य जमलं नाही तर लेख पुन्हा वाच. अडलेले शब्द नंतर बघ, आधी नको. यंत्रमागाच्या खडखडाटात घरी बसवत नसेल तर हिराचंद नेमचंद वाचनालयात जा. तिथे पंख्याखालची जागा हवी असेल तर सकाळी लवकर जावं लागतं.

दहावी-बारावीच्या गुणांचं रडू नकोस. काही संस्था ते धरतात, पण ते आता बदलणार नाहीत.

या आठवड्यात नवीन मॉक देऊ नकोस. हाच पेपर घड्याळ न लावता पुन्हा सोडव आणि प्रत्येक प्रश्नापुढे लिही: घ्यायला हवा होता की टाकायला. पुढच्या रविवारी वही घेऊन ये, जेवायला इथेच थांब. आईने शेंगाचटणी कुटून ठेवलीय, भाकरी गरम करून घालेन.

तुझी,
ताई