जिरॅनिऑल की जिरॅनिअल?

सुगंधी तेलांवरचा मजकूर मराठीत आणणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: जिरॅनिऑल, जिरॅनियॉल आणि जिरॅनिअल अशी तीन रूपं छापलेली दिसतात, त्यांतलं बरोबर कोणतं? हा पदार्थ जिरॅनियमपासून मिळतो म्हणून त्याला हे नाव पडलं का? आणि त्याला चांगला मराठी शब्द सुचवता येईल का?

पहिल्या दोन रूपांत फरक फक्त लेखनाचा आहे. जिरॅनिऑल लिहा किंवा जिरॅनियॉल, पदार्थ तोच. मी पहिलं रूप पसंत करतो, कारण त्यात शेवटचा 'ऑल' सुटा दिसतो आणि या चर्चेत सगळं महत्त्व त्या 'ऑल'लाच आहे. तिसरं रूप, जिरॅनिअल, हे मात्र वेगळ्याच पदार्थाचं नाव आहे. ते पर्यायी लेखन म्हणून वापरलं तर वाक्य चुकीचं ठरतं.

जिरॅनिऑल हे अल्कोहोल आहे. त्याच्या रेणूत १० कार्बन, १८ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन. साखळीच्या टोकाचा ऑक्सिजन एका हायड्रोजनला धरून असतो. या टोकाकडचे दोन हायड्रोजन काढून घेतले की तिथे आल्डिहाइड (कार्बनला दुहेरी बंधाने ऑक्सिजन आणि शेजारी एक हायड्रोजन असलेला गट) तयार होतं आणि मिळतं ते जिरॅनिअल: १० कार्बन, १६ हायड्रोजन, १ ऑक्सिजन. बाकी सांगाडा जसाच्या तसा, दोन्ही दुहेरी बंधही जागच्या जागी. नाकाला मात्र हा बदल लगेच कळतो. जिरॅनिऑलचा वास गुलाबाकडे झुकणारा, गोडसर. जिरॅनिअलचा वास थेट लिंबाचा. गवती चहाची पात चुरगळल्यावर जो वास येतो, तो मुख्यतः याचाच.

इथे 'सिट्रल' हा शब्दही सरळ करून घेऊ, कारण तोही एकाच रेणूचं नाव समजून वापरला जातो. सिट्रल हे जोडीचं नाव आहे: जिरॅनिअल आणि त्याचा समघटक नेरल. दोघांची सूत्रं एकच, फक्त एका दुहेरी बंधाभोवतीची मांडणी उलट. गवती चहाच्या तेलात साधारण ६५ ते ८५ टक्के सिट्रल असतं. त्यामुळे 'तेलात सिट्रल आणि जिरॅनिअल आढळले' असं वाक्य दिसलं तर मूळ मजकूर पुन्हा तपासावा. बहुधा तिथे जिरॅनिऑल असतं.

या घराण्यात अशा जोड्या बऱ्याच आहेत. जिरॅनिऑल–जिरॅनिअल, नेरॉल–नेरल, सिट्रोनेलॉल–सिट्रोनेलल. 'ऑल' आला की अल्कोहोल, 'अल' आला की आल्डिहाइड. थायमॉल आणि युजेनॉल, म्हणजे ओवा आणि लवंग यांतले घटक, फिनॉल वर्गातले असल्याने त्यांनाही 'ऑल' लागतो. धण्याच्या तेलातलं लिनॅलूल ऐकायला वेगळं वाटतं, पण तेही अल्कोहोलच आहे. मूळ उच्चार 'लिनॅलो-ऑल' असा फोडला की ते दिसतं.

देवनागरीत आणखी एक सोय आहे आणि आपण ती वाया घालवतो. निलगिरी तेलातलं सिनिओल आणि बडीशेपेतलं ॲनेथोल ही अल्कोहोलं नाहीत, इथर आहेत. रोमन लिपीत त्यांच्या शेवटी एक जादा अक्षर असतं, बोलताना ते हरवतं. आपण मात्र 'ऑल' आणि 'ओल' वेगळे लिहू शकतो. अर्धचंद्र असलेलं ते अल्कोहोल किंवा फिनॉल, नुसती ओकाराची मात्रा असलेलं ते नव्हे. 'अल्कोहोल' या रूढ शब्दातच ओकार आहे हे खरं, पण रूढ शब्द राहू द्यावा आणि नवी नावं लिहिताना हा भेद पाळावा. जिरॅनिऑलचं 'जेरानिओल' झालं की ही माहिती पुसली जाते. हिंदीतून आलेल्या मजकुरात हे वारंवार होतं.

एका अर्धचंद्राचा एवढा आग्रह धरण्याचं कारण असं की ही चूक प्रयोगशाळेतही सहज पकडली जात नाही. जिरॅनिऑलचं रेणुवस्तुमान १५४.२५, सिट्रलचं १५२.२४. फरक सव्वा टक्क्याच्या आसपास, त्यामुळे चुकीची बाटली उचलून द्रावण केलं तरी आकडेमोडीत काही खटकत नाही. उत्कलनांक दोघांचेही २२९–२३० अंश सेल्सिअसच्या आसपास. घनताही जवळजवळ सारखी, ०.८९. जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलल यांचं तर रेणुसूत्रसुद्धा एकच आहे, म्हणजे फक्त सूत्र पाहून मागणी नोंदवली तर अल्कोहोलच्या जागी आल्डिहाइड येऊ शकतं. मागणीपत्रावर नावाशेजारी सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला स्वतंत्र नोंदणी क्रमांक, लिहिणं हा त्यावरचा उपाय: जिरॅनिऑल १०६-२४-१, नेरॉल १०६-२५-२, नेरल १०६-२६-३, जिरॅनिअल १४१-२७-५, सिट्रल मिश्रण ५३९२-४०-५. पहिले तीन ओळीने येतात, तेव्हा तिथेही आकडा नीट वाचावा लागतो.

बाटलीत काय आहे हे ठरवायला कॉलेजच्या प्रयोगशाळेतली टू-फोर डीएनपी चाचणी (आल्डिहाइड आणि कीटोन ओळखणारी) पुरते. नमुन्याचे दोन-तीन थेंब थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवा आणि त्यात दोन मिलिलीटर अभिकर्मक घाला. सिट्रल असेल तर लगेच दाट नारिंगी-लाल अवक्षेप येतो. शुद्ध जिरॅनिऑल काही करत नाही. घोटाळा होतो तो जुन्या बाटलीत. जिरॅनिऑल हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू बिघडतं आणि त्यातून जिरॅनिअल, नेरल, हायड्रोपेरॉक्साइड असे पदार्थ तयार होतात. अशी बाटली हुंगली तर गुलाबामागून लिंबू येतं आणि चाचणीत हलका नारिंगी गढूळपणा दिसतो. दाट अवक्षेप म्हणजे आल्डिहाइड, नुसता गढूळपणा म्हणजे शिळं जिरॅनिऑल. अवरक्त वर्णपटाची सोय असेल तर शंका उरत नाही: अल्कोहोलचा रुंद पट्टा ३३०० प्रति सेंटीमीटरच्या आसपास, सिट्रलचा कार्बोनिल (कार्बन–ऑक्सिजन दुहेरी बंधाचा) पट्टा १६७५ च्या आसपास. बाटली गडद काचेची, काठोकाठ भरलेली आणि थंड जागी ठेवली तर हा बिघाड बराच लांबतो. अर्धी रिकामी बाटली लहान बाटलीत ओतून घ्यावी.

जिरॅनिऑल सुकवायला कॅल्शियम क्लोराइड वापरू नये. दोघांचं स्फटिकरूप संयुग बनतं आणि माल त्यातच अडकतो. जुने रसायनज्ञ याच गुणाचा उलटा उपयोग करून जिरॅनिऑल शुद्ध करत. सुकवायचंच असेल तर निर्जल सोडियम सल्फेट घ्यावं.

आता दुसरा प्रश्न, नावाचा. जिरॅनिऑल हे नाव आपण ज्याला जिरॅनियम म्हणतो त्या कुंडीतल्या झाडावरून पडलेलं नाही. १८७१ मध्ये जर्मन रसायनज्ञ ऑस्कर जेकबसन याने हा पदार्थ प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळा केला, तो भारतातून येणाऱ्या एका गवताच्या तेलातून. युरोपच्या बाजारात त्या गवताला 'जिरॅनियम गवत' म्हणत, कारण तेलाचा वास जिरॅनियमसारखा. हे गवत म्हणजे आपला रोशा. संस्कृतात रोहिष, काही भागांत तिखाडी, आणि आजच्या बाजारात पामरोजा. खानदेश आणि निमाडच्या रानात काढलेलं हे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई, तिथून 'तुर्की जिरॅनियम तेल' या नावाने पुढे विकलं जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरलं जाई. नावात तुर्की, नावात जिरॅनियम, आणि माल खानदेशातला. जिरॅनिऑल हा शब्द उच्चारताना आपण खरं तर एका देशी गवताचंच व्यापारी टोपणनाव घेत असतो.

रोशाच्या मोतिया जातीच्या तेलात साधारण ७५ ते ८५ टक्के जिरॅनिऑल असतं. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या सोफिया जातीत ते बरंच कमी, आणि तिचं तेल 'जिंजर ग्रास' म्हणून वेगळं विकलं जातं. उलट ज्याला जिरॅनियम तेल म्हणतात आणि ज्याची लागवड अलीकडे महाराष्ट्रातही काही शेतकरी करतात, त्या तेलात बहुतेक वेळा सिट्रोनेलॉल हेच जिरॅनिऑलपेक्षा जास्त भरतं. शिवाय ते झाड वनस्पतिशास्त्राप्रमाणे जिरॅनियम नाहीच, ते पेलार्गोनियम. लिनिअसने दोन्ही एकाच प्रजातीत घातली होती, १७८९ मध्ये ती वेगळी झाली, पण बागांतलं आणि बाजारातलं जुनं नाव तसंच चालू राहिलं. म्हणून 'जिरॅनियममध्ये आढळणारे जिरॅनिऑल' हे वाक्य खोटं नसलं तरी वाचकाला चुकीच्या झाडाकडे नेतं. 'रोशा तेलातला मुख्य घटक जिरॅनिऑल' हे जास्त खरं आहे.

भाषांतरात आणखी एक सापळा असतो: 'एकूण जिरॅनिऑल'. सिट्रोनेला तेलाच्या प्रमाणपत्रावर हा आकडा ८५ टक्के दिसतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की तेलात ८५ टक्के जिरॅनिऑल आहे. जावा जातीच्या सिट्रोनेलात प्रत्यक्ष जिरॅनिऑल साधारण २० ते २५ टक्केच असतं. हा आकडा जुन्या ॲसिटिलीकरण पद्धतीतून येतो. तेल ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि निर्जल सोडियम ॲसिटेटबरोबर उकळतात, धुऊन सुकवतात, मग अल्कोहोलमधल्या पोटॅशने (पोटॅशियम हायड्रॉक्साइडने) विघटन करून किती पोटॅश खर्च झालं ते मोजतात. अल्कोहोलं ॲसिटेट देतात आणि मोजली जातात, हे अपेक्षितच. पण उकळताना सिट्रोनेललही कडं करून आयसोपुलेगॉल बनतं. म्हणजे आल्डिहाइडचं अल्कोहोल झालं, आणि तेही मोजलं गेलं. सगळी बेरीज 'जिरॅनिऑल' धरून लिहायची, असा व्यापारातला संकेत. मराठीत आणताना 'ॲसिटिलीकरणाने मोजलेले, जिरॅनिऑलच्या रूपात व्यक्त केलेले एकूण घटक' असं लिहिलं तर वाक्य लांबतं, पण फसवत नाही. वायू वर्णलेखनाने (गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे घटक सुटे करून मोजण्याच्या पद्धतीने) मिळालेला आकडा मात्र खऱ्या जिरॅनिऑलचाच असतो. तिथे 'एकूण' लावू नये.

संशोधनाच्या मजकुरात ऑल आणि अल शेजारीशेजारी येतात, आणि तिथे गफलत झाली तर अर्थच उलटतो. सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या अंगणातल्या सदाफुलीचं. तिच्यापासून मिळणारी विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधं ज्या मार्गाने घडतात, त्याच्या एका फाट्याची सुरुवात जिरॅनिऑलपासून होते. एक विकर त्याचं ८-हायड्रॉक्सीजिरॅनिऑल करतं, पुढे ऑक्सिडीकरणाने ८-ऑक्सोजिरॅनिअल होतं, आणि त्यातून इरिडॉइड या वर्गातल्या संयुगांचं कडं जुळतं. कडं जुळतं ते आल्डिहाइड झाल्यावरच. दोन्ही ठिकाणी एकच शब्द लिहिला तर मधली पायरी वाचकाला दिसतच नाही.

संश्लेषणात जिरॅनिऑल आवडतं आहे ते त्याच्या दोन दुहेरी बंधांमुळे. रसायनज्ञ शार्पलेस यांच्या असममित इपॉक्सिडीकरणात (दुहेरी बंधावर ठरावीक बाजूने ऑक्सिजन जोडण्याच्या पद्धतीत) टायटॅनियमचा उत्प्रेरक अल्कोहोल गटाला पकडतो आणि त्याच्या शेजारचाच दुहेरी बंध निवडतो, दूरचा तसाच सोडतो. जिरॅनिअलमध्ये पकडायला तो गटच नाही, म्हणून तिथे ही पद्धत लागू पडत नाही. पाण्याचा अंश राहिला तर उत्प्रेरक मंदावतो, त्यामुळे मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे सच्छिद्र खडे) घालतात. सिट्रलचं महत्त्व वेगळं: ॲसिटोनबरोबर त्याचं स्यूडोआयोनोन, त्यापासून बीटा-आयोनोन आणि पुढे जीवनसत्त्व अ. इथे आल्डिहाइड गटच काम करतो.

जीवशास्त्रात जिरॅनिऑल आणि सिट्रल दोन्ही युरोपीय मधमाशीच्या नासोनोव्ह ग्रंथीच्या (सोबतिणींना बोलावणारा गंध सोडणाऱ्या पोटावरच्या ग्रंथीच्या) गंधात सापडतात, म्हणून थवा पकडायच्या रिकाम्या पेटीत मधपाळ गवती चहाच्या तेलाचे थेंब लावतात. यीस्ट जिरॅनिऑलचं सिट्रोनेलॉल करतं, त्यामुळे हॉप्स घातलेल्या बिअरचा वास आंबवताना बदलतो. जंतुरोधक चाचण्यांत दोन्ही पदार्थ पाण्यात फारच कमी विरघळतात, म्हणून इथेनॉल किंवा डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकातून द्यावे लागतात, आणि त्या द्रावकाची वेगळी नियंत्रण चाचणी ठेवावीच लागते. ९६ खळग्यांच्या ताटलीत त्यांची वाफ शेजारच्या खळग्यांत जाऊन तिथल्याही जंतूंना रोखते. त्यामुळे नियंत्रण खळगे लांब ठेवावे लागतात. सिट्रल तर माध्यमातल्या प्रथिनांच्या अमिनो गटांशी जोडलं जातं, म्हणजे घातलेली मात्रा आणि मोकळी उरलेली मात्रा वेगळी. जिरॅनिऑलला ही अडचण नाही. लेखात पदार्थाचं नाव चुकलं तर वाचणारा या निष्कर्षाचं कारण भलतीकडेच शोधत बसेल.

मराठी शब्दाबद्दल: नवा घडवू नये असं माझं मत आहे. 'गुलाबगंधी अल्कोहोल' सुचवलं जातं, पण सिट्रोनेलॉल आणि फिनाइल इथाइल अल्कोहोल यांनाही गुलाबाचाच वास आहे. शिवाय घडवलेल्या शब्दाला जिरॅनिल ॲसिटेट, ८-हायड्रॉक्सीजिरॅनिऑल अशी साधित रूपं झेपणार नाहीत. वनस्पतीचं आणि तेलाचं नाव मात्र आवर्जून आपलं वापरावं: रोशा गवत, रोशा तेल. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात ०.००१ टक्क्याहून आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनात ०.०१ टक्क्याहून जास्त असेल तर जिरॅनिऑल, सिट्रल आणि सिट्रोनेलॉल यांची नावं वेष्टनावर छापावी लागतात. ॲलर्जी असलेली व्यक्ती तीच नावं शोधते. तेव्हा वेष्टनाच्या मराठी मजकुरात जिरॅनिऑल हेच लिहावं, अर्धचंद्रासकट, आणि छपाईला जाण्यापूर्वी तो फॉन्ट बदलताना गळला नाही ना, हे बघावं.