‘आईचा व्यवसाय : काही नाही’

प्रश्न : मी अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आजीला पक्षाघात झाला तेव्हा आईने नोकरी सोडली, त्याला आता नऊ वर्षं झाली. परवा एका फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘काही नाही’ असं लिहिलं आणि नंतर स्वतःचीच लाज वाटली. आया आणि घरच्या आजाऱ्यांचं करणारी माणसं यांना पैशाच्या बाबतीत न्याय मिळावा, अशा धोरणांवर मला काम करायचं आहे. बाबा म्हणतात, ही समाजसेवा झाली, करिअर नाही. दादा नुसता हसतो. आणि मी शिकायला बाहेर पडले तर आजीला रात्री कुशीवर कोण वळवणार?

उत्तर : शेवटचा प्रश्न तू सगळ्यात खाली लिहिलास. खरा तोच असावा. त्याच्याकडे येते, पण आधी बाबांशी थोडं बोलू.

कळवळ्यावर करिअर होत नाही, इथवर बाबा बरोबर आहेत. पण हे क्षेत्र मुळात हिशेबाचं आहे. राष्ट्रीय उत्पन्न कसं मोजायचं याची संयुक्त राष्ट्रांची पद्धत 1953 साली ठरली, तेव्हापासून घरच्यांनी घरच्यांसाठी बिनपगारी केलेली सेवा त्या हिशेबाबाहेर आहे. आजीला वळवायला पगारी मदतनीस ठेवली, तर तिचा पगार राष्ट्रीय उत्पन्नात धरला जातो. तेच आईने केलं तर शून्य. तेव्हा तुझ्या हातून तो रकाना तसा भरला गेला, यात एकट्या तुझा दोष नाही. 2013 मध्ये जिनिव्हात श्रम-सांख्यिकी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने अशा कष्टांना ‘काम’ मानलं, ‘रोजगार’ मात्र मानलं नाही. या दोन शब्दांमधल्या फटीत कितीतरी लोकांची आयुष्यभराची नोकरी आहे. तुलाही तिथे जागा आहे.

आकडा हवाच असेल तर बाबांना हा सांग. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार पाहण्या झालेल्या 64 देशांत मिळून बिनपगारी घरकाम आणि देखभालीवर रोज 1640 कोटी तास खर्च होतात, म्हणजे 200 कोटी माणसांनी रोज आठ तास फुकट राबल्यासारखं. त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त तास बायकांचे.

हे तास मोजतात कसे, ते तू या आठवड्यातच करून बघ. युरोपातल्या वेळ-वापर पाहण्यांमध्ये दिवसाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यात मुख्य काम काय, त्याच वेळी दुसरं काय चालू होतं आणि सोबत कोण होतं, हे लिहायचं असतं. आईची एक दिवसाची अशी डायरी तू भर. मुख्य कामांचे रकाने सहज भरतील. दुसऱ्या रकान्याशी मात्र अडशील. आई स्वयंपाक करत असते, पण कान आजीच्या खोकल्याकडे असतो. दुपारी ती पडते खरी, पण दार उघडं ठेवून. त्या अर्ध्या तासाला विश्रांती म्हणशील की देखभाल? फक्त मुख्य काम विचारणारी पाहणी हे जागं राहणं गाळून टाकते, आणि जे गाळलं जातं त्यासाठी तरतूद मागताना हातात काही उरत नाही. याचं उत्तर शोधायला लागलीस की तुझी सुरुवात झाली.

मोजून झालं की नियमांचं काम लागतं. जर्मनीत 1995 पासून दीर्घकालीन देखभालीचा विमा आहे. घरच्या माणसाचं ठरावीक तास करणाऱ्याच्या पेन्शन खात्यात हा विमा हप्ते भरतो, म्हणजे म्हातारपणी ती वर्षं कोरी दिसत नाहीत. उलट ब्रिटनमध्ये आठवड्याला 35 तास देखभाल करणाऱ्याला भत्ता मिळतो, पण 2024-25 साली खर्च वजा जाता आठवड्याची कमाई 151 पौंडांच्या वर एक पौंड जरी गेली, तरी 81.90 पौंडांचा भत्ता पूर्ण बंद! उत्पन्न वाढलं की भत्ता हळूहळू कमी होईल, असं कलम कुणी घातलंच नव्हतं. त्यामुळे मर्यादा ओलांडल्यावरही मिळत राहिलेला भत्ता परत करण्याचं कर्ज कित्येकांच्या डोक्यावर बसलं. भत्ता सुरू करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, पण कलम लिहिताना गणित कच्चं राहिलं.

म्हणून माझा हट्ट एकच आहे, संख्याशास्त्र सोडू नकोस. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलीला गणिताचा धसका होता, म्हणून मी तिला फक्त चर्चेचे विषय असलेला अभ्यासक्रम सुचवला. सल्ला चुकला. पाहण्यांचा कच्चा डेटा हाताळण्यासाठी तिला दोन वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. तू सार्वजनिक धोरण, श्रम अर्थशास्त्र किंवा लोकसंख्याशास्त्र यांपैकी काहीही घे. सोबत सर्वेक्षण पद्धती आणि डेटा हाताळणारं एखादं सॉफ्टवेअर पक्कं कर. सरकारी सांख्यिकी विभाग, अर्थसंकल्पाचं विश्लेषण करणारे गट, कामगार संघटना, पेन्शन आणि विम्याच्या योजना आखणाऱ्या संस्था, अशी दारं त्यातून उघडतात. सुरुवातीचा पगार फार नसतो आणि बरीच कामं कंत्राटी असतात. बाबांना हेही सांगून टाक.

आता आजी. सांभाळणाऱ्या घरातल्या मुलीने शिकायला बाहेर पडणं हा या विषयातलाच एक धडधडीत प्रश्न आहे, तुझा एकटीचा अपराध नव्हे. नॉर्वेने 1993 मध्ये बाळाच्या रजेतले चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखून ठेवले. त्यांनी घेतले नाहीत तर ते वाया जायचे, आईला मिळायचे नाहीत. त्याआधी रजा घेणारे बाप विरळा होते, नंतर ती नेहमीची गोष्ट झाली. तुमच्या घरी कायदा करता येणार नाही, पण त्याच डायरीला चार उभे रकाने पाडता येतील : आई, तू, बाबा, दादा. सलग सात दिवस भर, रात्रीसकट. मग अर्ज करायच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवून तो कागद मध्ये ठेव. तू काही बोलू नकोस, दादाला मोठ्याने वाचायला सांग. तुझ्या रकान्यातल्या रात्री कुणाकुणात वाटायच्या आणि किती रात्रींसाठी पगारी मदतनीस लागेल, एवढंच त्या बैठकीत ठरवा. त्या मदतनीसाचा पगार तुझ्या शिक्षणाच्या खर्चातच धरा, फी आणि वसतिगृहाच्या ओळीखाली.