तिथे सगळे पिणारेच असतात ना?

"ताई, तिथे सगळे दारुडेच. त्यांच्यात राहून हे आणखी बिघडले तर?" व्यसनमुक्ती केंद्राचं नाव काढलं की बायका हमखास हे विचारतात. म्हणून ही एक केस सांगते, ओळखीच्या खुणा बदलून.

वर्कशॉपमधला फिटर, वय बेचाळीस. बायको शेजारणीनं दिलेली गोळी गुपचूप चहात घालत होती. ते मी आधी थांबवलं. अशा गोळीतलं डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठीचं औषध) पोटात असताना माणूस नकळत प्यायला तर जिवावर बेतू शकतं. घरच्या घरी दारू एकदम बंद करायलाही मी नाही म्हणाले. रोज भरपूर पिणाऱ्याला फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो. सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढायचे.

माझ्याकडे चार भेटी झाल्या. "टेन्शन असतं", "संगत वाईट" यापुढे गाडी जाईना. माझ्यासमोर तो शाळेतल्या बाईंसमोर बसावा तसा बसायचा. बायको सोबत असली की आधी तिच्याकडे बघायचा, मग बोलायचा. माझी खुर्चीच आड येत होती, हे कळायला मला चौथी भेट लागली.

मग पुरुषांच्या निवासी केंद्रात पाठवला. तिथल्या गटाचं सत्र मीच घेते. दुसऱ्या आठवड्यात एक पिकल्या मिशांचे काका म्हणाले, "पगाराच्या दिवशी मी घरीच जायचो नाही." आमचा गडी एकदम बोलला, "मला सहा महिने कामच नाही. रोज डबा घेऊन निघतो."

कुणी हाय खाल्ली नाही. एकानं विचारलं, "बसायचास कुठे?"

"एसटी स्टँडवर."

"मी रेल्वे स्टेशनवर. पंखा असतो."

सगळे हसले, आणि हसता हसता तो रडायला लागला. मी गप्प राहिले. वीस वर्षांत एवढं तरी शिकले आहे. कर्ता पुरुष असल्याचं सोंग उतरवायला त्याच सोंगानं दमलेली माणसं लागतात, असं मी मानते. पिणाऱ्या बायकांची लाज वेगळी, म्हणून त्यांची सोयही वेगळी हवी. 1986 साली सुरू झालेल्या पुण्याच्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्रानं पुढे बायकांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग काढला, तो याचसाठी.

केंद्र निवडताना विचारा: डॉक्टर येतात का? नोंदणी आहे का? घरच्यांसाठी गट आहे का? बाहेर पडल्यावर फॉलोअप कोण करतं? मारून, कोंडून सुधारतो म्हणणाऱ्यांच्या दारातूनच परत फिरा. कुठे जायचं कळत नसेल तर 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे.

घरच्यांच्या भेटीत त्यानं डब्याचं सगळं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत होतं. कपड्यांना ग्रीसचा वास यायचा बंद झाला होता."

"मग डबा का देत होतीस?"

"नाही तर दिवसभर उपाशी बसला असतात."