पोर्ट्रेट सुधारण्यासाठी कॅमेऱ्याची सेटिंग कोणती ठेवावी आणि उजेड कसा घ्यावा?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे प्रतिमा टिपणारी चिप पूर्ण आकारापेक्षा लहान), सोबत कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स आणि एक ५० मिलिमीटर एफ/१.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). माणसांचे फोटो काढता, पण चेहरे सपाट येतात, डोळ्यांखाली काळं दिसतं, घरात काढलेल्या फोटोंत त्वचा पिवळी नाहीतर हिरवट होते आणि बऱ्याचदा डोळेच किंचित धूसर येतात. म्हणून तुम्ही विचारताय की सेटिंग नेमकी काय ठेवू, आणि ८५ ची लेन्स घेऊ का.

या चार तक्रारींपैकी फक्त शेवटची सेटिंगची आहे. बाकीच्या तिन्ही उजेडाच्या आहेत आणि कॅमेऱ्याचं कुठलंही बटण दाबून त्या जाणार नाहीत. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र), शटर (उजेड किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता) मिळून एवढंच ठरवतात की फोटो किती उजळ येईल, किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसेल आणि हालचाल थांबेल की फरफटेल. नाकाची सावली कुठे पडणार, गालाला गोलाई येणार का, हे त्यांच्या हातात नाही. म्हणून आधी उजेडाचंच बोलतो.

उजेड कॅमेऱ्याच्या दिशेनेच आला की चेहरा सपाट होतो. कॅमेऱ्यावरचा उघडणारा छोटा फ्लॅश नेमकं हेच करतो: सगळ्या सावल्या माणसाच्या मागे जाऊन पडतात आणि समोर नुसता पांढरा चेहरा उरतो. उजेड डोक्यावरून आला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. मग तो छतावरचा दिवा असो की दुपारचं ऊन. ढगाळ हवेत पोर्ट्रेट उत्तम येतात असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. सावल्या मऊ होतात हे कबूल, पण मोकळ्या मैदानात बहुतेक उजेड वरूनच उतरतो, त्यामुळे डोळे अंधारातच राहतात. अशा वेळी माणसाला दाराच्या चौकटीत, पोर्चखाली किंवा व्हरांड्याच्या कडेला उभं करा. वरचा उजेड छपराने अडतो, समोरचा तेवढा आत येतो आणि डोळे उघडतात. झाडाखालची सावली मात्र जपून वापरा. पानांतून गाळून आलेला आणि गवतावरून उसळलेला उजेड त्वचेला हिरवी झाक देतो, शिवाय कपाळावर उन्हाचे ठिपके पडतात ते वेगळेच.

घरात असाल तर थेट ऊन येत नसेल अशी एक खिडकी निवडा आणि खोलीतले सगळे दिवे बंद करा. सगळे म्हणजे सगळे. तुमची पिवळ्या-हिरव्या रंगाची तक्रार बहुधा इथेच संपेल. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळसर. दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनच्या आसपास किंवा वर असतो, घरातला पिवळसर दिवा ३००० च्या आसपास. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले तर व्हाइट बॅलन्सने, म्हणजे उजेडाच्या रंगाची झाक काढणाऱ्या सेटिंगने, कुठल्या बाजूला न्याय द्यायचा? एक गाल सुधारला की दुसरा निळा पडतो. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढलं तरी हा घोळ सहज सुटत नाही. उजेड एकाच रंगाचा असेल तर मात्र रॉ फाइलचा रंग नंतर निवांत बदलता येतो. ऑटो व्हाइट बॅलन्स दर फोटोला मत बदलतो, म्हणून एका जागी काढलेल्या सगळ्या फोटोंना एकच ठरावीक व्हाइट बॅलन्स ठेवलेला बरा.

आता माणसाला खिडकीकडे खांदा करून बसवा आणि चेहरा हळूहळू खिडकीकडे वळवायला सांगा. तुम्ही फक्त नाकाच्या सावलीकडे बघा. एका टप्प्यावर ती सावली गालावरच्या सावलीला जाऊन मिळते आणि लांबच्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातल्या रेम्ब्रांट या डच चित्रकाराच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. चेहरा आणखी वळवला की त्रिकोण पसरत जातो आणि सगळा चेहरा उजळतो. कुठे थांबायचं हे चेहऱ्यावर अवलंबून आहे: रुंद चेहऱ्याला थोडी सावली शोभते, सुरकुत्या लपवायच्या असतील तर उजेड जितका समोरून घ्याल तितका चांगला. माणूस यायच्या आधी जागा तपासायची असेल तर त्याच्या जागी स्वतःची मूठ धरा आणि गोल फिरा. बोटांच्या पेरांवरच्या सावल्या बघितल्या की चेहऱ्यावर काय होणार ते लगेच कळतं.

उजेड मऊ की कडक हे दिव्याच्या आकारावर ठरतं, पण तो आकार माणसाच्या जागेवरून दिसणारा. सूर्य प्रत्यक्षात प्रचंड आहे, पण आकाशात त्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश, म्हणून उन्हातली सावली धारदार. खिडकीपासून एक मीटरवर बसलेल्या माणसाला तीच खिडकी भिंतीएवढी वाटते, म्हणून सावलीची कड विरघळत जाते. त्याला खोलीच्या मागच्या टोकाला नेलंत तर खिडकी तीच, पण सावल्या पुन्हा घट्ट होतात. माणूस खिडकीजवळ असताना आणखी एक फायदा मिळतो. लहान दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश होतो. मोठ्या खिडकीच्या बाबतीत ही घसरण थोडी सावकाश असते, पण असतेच. म्हणजे माणूस खिडकीजवळ आणि मागची भिंत लांब असेल तर भिंत आपोआप काळोखात जाते, आणि पसारा आवरायचे कष्ट वाचतात.

सावलीची बाजू फारच काळी वाटली तर त्या बाजूला पांढरी थर्माकोलची शीट किंवा चादर धरा. जितकी जवळ, तितकी सावली हलकी. उलट चेहरा जरा जास्तच गुळगुळीत वाटत असेल तर त्याच जागी काळं कापड धरून बघा. हे फार कमी लोक करतात आणि फरक मोठा पडतो. शेवटी डोळ्यांत खिडकीचं प्रतिबिंब चमकतंय का ते बघा. ते बुबुळाच्या वरच्या भागात असलं की नजर जिवंत वाटते. अजिबात नसेल तर हनुवटी थोडी वर घ्या किंवा माणसाला खिडकीकडे आणखी वळवा.

आता सेटिंग. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ ऑटोवर. शटर १/२०० सेकंद आणि ५० च्या लेन्सवर ॲपर्चर एफ/२.८. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. शांत बसलेला माणूससुद्धा बोलताना मान हलवतो, त्यामुळे १/६० वर नशिबावर विसंबावं लागतं. लहान मूल असेल तर १/५०० च्या खाली जाऊ नका. आयएसओची भीती मात्र सोडा. ३२०० वर दाणे दिसतील, पण ते सॉफ्टवेअरमध्ये बरेच कमी करता येतात; हललेला डोळा परत येत नाही. आयएसओ मुद्दाम कमी ठेवून काळपट काढलेला फोटो नंतर उजळवलात तर दाणे तसेही वर येतातच.

दिवे बंद करणं शक्यच नसेल तर शटरचा आकडा बदलावा लागेल. ५० हर्ट्झची वीज असते तिथे बरेच एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० पेक्षा वेगवान शटर ठेवलं की फोटोत आडवे पट्टे येतात किंवा सलग फोटोंचे रंग वेगवेगळे दिसतात. तिथे १/१०० वर या.

तुमच्या फोटोंत डोळे धूसर येण्याचं कारण मला बहुधा एफ/१.८ च वाटतं. क्रॉप सेन्सरवर ५० ची लेन्स एफ/१.८ वर ठेवून एक मीटरवरून फोटो काढलात तर स्पष्ट भागाची जाडी साधारण ३ सेंटिमीटर भरते. चेहरा थोडा वळलेला असेल तर एक डोळा आत, दुसरा बाहेर. त्यात मधल्या पॉइंटने फोकस करून मग कॅमेरा फिरवून चौकट जुळवायची सवय असेल तर त्या फिरवण्यातच फोकस सरकतो. दीड मीटरवर जाऊन एफ/४ ठेवलात तर हीच जाडी १४ सेंटिमीटरच्या आसपास जाते. कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा फोकस असेल तर तो चालू करा. नसेल तर एकच पॉइंट निवडून तो जवळच्या डोळ्यावर न्या. पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून ॲपर्चर उघडायची घाई नको. माणसाला भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे आणा, ती एफ/२.८ वरही पुरेशी विरघळते.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. समोर जे आहे ते मध्यम राखाडी आहे असं धरून तो हिशेब करतो. मागे उजळ आकाश किंवा खिडकी असेल तर तो चेहरा काळा करणार, तिथे उजळपणा एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मागे काळोख आणि अंगात काळे कपडे असतील तर कपाळ पांढरं फटक करणार, तिथे कमी करा. गोऱ्या-सावळ्या त्वचेसाठी तयार आकडे शोधण्यापेक्षा हायलाइटचा इशारा (फार पांढरा पडलेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारी सोय) चालू ठेवा. कपाळ किंवा नाकाचा शेंडा लुकलुकला की थोडं खाली या.

पार्श्वभूमीपेक्षा चेहऱ्याचं रूप जास्त बदलतं ते तुम्ही किती जवळ उभे आहात त्यावरून. नाकाचा शेंडा आणि कान यांच्यात ढोबळ मानाने १२ सेंटिमीटर अंतर असतं. तुम्ही नाकापासून ३० सेंटिमीटरवर असाल तर कान नाकापेक्षा ४० टक्के जास्त लांब, म्हणून नाक फुगतं आणि कान मागे पळतात. दीड मीटरवर हाच फरक ८ टक्क्यांवर येतो. किट लेन्स १८ वर ठेवून चेहऱ्याशी भिडू नका. ५५ वर न्या आणि मागे सरका.

भावमुद्रेबद्दल एकच सांगतो. छायाचित्रकार यूसुफ कार्शने १९४१ मध्ये चर्चिलचा प्रसिद्ध फोटो काढताना आधी त्यांच्या तोंडातला सिगार काढून घेतला होता, आणि तो घुस्सा फोटोत उतरला. तुम्ही हे करू नका. पण शटर दाबताना स्क्रीनमागे दडून गप्प बसू नका, बोलत राहा. ‘हसा’ म्हटल्यावर येणारं हसू सोडून द्या आणि ते ओसरतानाचा क्षण पकडा.

राहिली ८५ ची लेन्स. तुमच्या क्रॉप सेन्सरवर ५० चीच लेन्स साधारण ७५-८० सारखी चौकट देते, म्हणजे पोर्ट्रेटची लेन्स तुमच्याकडे आहेच. ८५ लावलीत तर ती १३० च्या आसपास जाईल आणि लहान खोलीत पाठ भिंतीला टेकेल. खर्च करायचाच असेल तर डोकं फिरवता येणारा बाहेरचा फ्लॅश घ्या, आणि तो छताऐवजी बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर मारा. छतावरून उसळलेला उजेड पुन्हा डोळ्यांखाली काळं करतो. भिंतीवरून आलेला उजेड तुमच्या खिडकीसारखाच वागेल, रात्रीसुद्धा. फक्त भिंत रंगीत नसावी आणि शटर कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडच्या (फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सर्वात वेगवान शटरच्या) आत, बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० च्या आसपास, राहायला हवं.