प्रस्तरारोहण आणि गिर्यारोहण दोन्ही धरलं, तर सर्वश्रेष्ठ कोण? माझ्या मते वॉल्टर बोनात्ती

तुम्ही विचारलंय की कातळावरची चढाई आणि उंच हिमशिखरांवरची चढाई, दोन्ही एकत्र धरली तर जगातला सर्वश्रेष्ठ आरोहक कोण. तुमच्या ग्रुपमध्ये निम्मे इटलीच्या राइनहोल्ड मेसनरच्या बाजूने आहेत आणि निम्मे अमेरिकेच्या अ‍ॅलेक्स होनॉल्डच्या. मी बावीस वर्षं सह्याद्रीतले सुळके आणि कडे चढतोय, हिमालयातही काही वेळा जाऊन आलोय, आणि हा वाद मी कितीतरी रात्री तंबूत बसून घातलाय. माझं उत्तर या दोघांपैकी कुणीच नाही. माझं उत्तर इटलीचा वॉल्टर बोनात्ती.

आधी तुमच्या दोन नावांबद्दल. ३ जून २०१७ रोजी होनॉल्डने अमेरिकेतल्या योसेमिटीमधल्या एल कॅपिटन या कड्याची ‘फ्रीरायडर’ ही वाट दोराशिवाय ३ तास ५६ मिनिटांत चढली. जवळपास ३,००० फुटांची ग्रॅनाइटची उभी भिंत. नुसतं आठवलं तरी माझ्या तळव्यांना घाम येतो. पण ती वाट त्याने आधी दोर लावून पुन्हा पुन्हा चढून अक्षरशः घोटली होती, आणि तुमचा प्रश्न दोन्ही प्रकारांचा आहे. निव्वळ कातळाचंच बोलायचं असेल तर मी होनॉल्डच्याही आधी अमेरिकेच्या लिन हिलचं नाव घेईन. त्याच एल कॅपिटनवरची ‘नोज’ ही वाट फक्त हातापायांच्या जोरावर, खिळे-शिड्यांना न लोंबकळता चढणं भल्याभल्यांना जमत नव्हतं. तिने ते १९९३ मध्ये केलं आणि पुढच्याच वर्षी २४ तासांच्या आत पुन्हा करून दाखवलं.

मेसनरचं मोठेपण कोण नाकारणार? १९७८ मध्ये जोडीदार हाबेलरबरोबर कृत्रिम प्राणवायूशिवाय एव्हरेस्ट, १९८० मध्ये ऐन पावसाळ्यात तिबेटच्या बाजूने एकट्याने एव्हरेस्ट. माझा आक्षेप आहे तो ‘चौदा अष्टहजारी’ (आठ हजार मीटरहून उंच चौदा शिखरं) हा एकच आकडा पुढे करण्याला. २०२३ मध्ये गिनेसने ती सगळी पहिल्यांदा चढल्याचा मान त्याच्याकडून काढून घेतला. कारण काय, तर १९८५ मध्ये अन्नपूर्णेच्या लांबलचक धारेवर तो खऱ्या माथ्याच्या काही मीटर अलीकडून परतला असावा, असा एका अभ्यासकाचा निष्कर्ष. मान दिला अमेरिकेच्या एड व्हीस्टर्सला, आणि व्हीस्टर्सने स्वतःच सांगितलं की पहिला मेसनरच. चार-पाच मीटरांवरून ज्याचं मोठेपण हलतं, तो मापदंडच कच्चा आहे. त्या यादीतच निवडायचं तर मी पोलंडच्या येझी कुकुच्काला निवडेन. आठ वर्षांच्या आत चौदाही शिखरं, त्यातली चार भर हिवाळ्यात, आणि ल्होत्से सोडलं तर प्रत्येक शिखर एकतर नव्या वाटेने किंवा हिवाळ्यात. पैसे उभे करायला हा माणूस कारखान्यांच्या धुरांड्यांना दोराने लटकून रंग देत असे. १९८९ मध्ये ल्होत्सेच्या दक्षिण भिंतीवर दोर तुटून त्याचा मृत्यू झाला.

मग बोनात्ती का?

१९५४ मध्ये के-२ या जगातल्या दुसऱ्या सर्वांत उंच शिखरावर इटलीची मोहीम होती. बोनात्ती २४ वर्षांचा, संघात सगळ्यात लहान. ३० जुलैला त्याच्यावर आणि पाकिस्तानातल्या हुंझाच्या अमीर मेहदीवर काम होतं ते कॉम्पान्योनी आणि लाचेदेल्ली या शिखरजोडीसाठी प्राणवायूची जड नळकांडी वर पोहोचवायचं. दोघं ठरल्या जागी पोहोचले तर तिथे तंबूच नाही. तो ठरल्यापेक्षा वर, एका धोकादायक आडव्या उतारापलीकडे लावलेला. हाका मारल्या, अंधार पडला, वरून क्षणभर दिवा दिसला आणि आवाज आला: नळकांडी तिथेच ठेवा आणि खाली जा. त्या अंधारात ते दोघांनाही शक्य नव्हतं. बोनात्तीने आइस अ‍ॅक्सने बर्फाच्या उतारात जेमतेम टेकता येईल एवढी पायरी खोदली. सुमारे ८,१०० मीटर उंचीवर, तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही, रात्री वादळ. अख्खी रात्र दोघांनी तशी काढली. पहाटे मेहदी खाली निघाला. बोनात्तीने मागे राहून बर्फात गाडली गेलेली नळकांडी उकरून वर दिसतील अशी ठेवली आणि मग उतरला. त्याच दिवशी तीच नळकांडी पाठीला लावून दुसरे दोघं के-२ च्या माथ्यावर पोहोचले.

बेस कॅम्पला उतरल्यावर मेहदीच्या पायांची बोटं हिमदंशाने गेली होती. त्या उंचीवर लागणारे बूटसुद्धा त्याला दिलेले नव्हते. तो पुन्हा कधी मोठ्या डोंगरावर गेला नाही.

आणि बोनात्तीला काय मिळालं? दहा वर्षांनी वर्तमानपत्रात आरोप छापून आला की रात्री त्याने त्या नळकांड्यांतला प्राणवायू स्वतःच वापरला. तो कोर्टात गेला आणि जिंकला. वापरणार कशाने? मुखवटे तर वरच्या तंबूत होते. एवढी साधी गोष्ट, पण इटालियन अल्पाइन क्लबने त्याची हकीकत अधिकृतपणे खरी मानायला मोहिमेनंतर पन्नासहून अधिक वर्षं लागली.

के-२ वरून तो मनाने पार खचून परतला. अशा अवस्थेत, १९५५ च्या ऑगस्टमध्ये, तो फ्रान्समधल्या शामोनीजवळच्या पेटी द्रू शिखराच्या नैर्ऋत्य स्तंभाखाली एकटा जाऊन उभा राहिला. ही चढाई मला अख्ख्या आरोहणाच्या इतिहासात सगळ्यात मोठी वाटते.

एकट्याने, पण दोर वापरून चढणं म्हणजे काय हे ज्यांनी केलं नाही त्यांच्या लक्षात येत नाही. बिले द्यायला, म्हणजे दोर धरून सांभाळायला, खाली कुणी नसतं. दोराचं एक टोक खाली पक्कं करायचं, पिटॉन (भेगेत ठोकायचे खिळे) ठोकत वर जायचं, तिथे दोर बांधायचा, मग पुन्हा खाली उतरून सॅक सोडवायची, पिटॉन काढत परत वर चढायचं आणि मग सॅक ओढून घ्यायची. म्हणजे सगळी भिंत दोनदा चढायची. मी एकदा लोणावळ्याजवळच्या एका साध्या भिंतीवर हे करून पाहिलं होतं. जेमतेम दोन टप्पे, फार तर दीडशे फूट, बोल्ट (कातळाला भोक पाडून बसवलेले आधार) आधीच मारलेले. सकाळी सातला लागलो आणि वर पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. दुसऱ्या टप्प्यात सॅक एका कपारीत अडकली, ती सोडवायला तिसऱ्यांदा खाली उतरलो. पाणी संपलेलं, बोटांची सालं निघालेली. पण खरा त्रास वेगळाच होता. प्रत्येक गाठ मीच मारलेली, ती बरोबर आहे का हे बघणारंही दुसरं कुणी नाही. त्याच गाठी मी तीन-तीनदा तपासत होतो. त्या दिवसानंतर द्रूची हकीकत मी वेगळ्या नजरेने वाचली.

बोनात्तीने हे सहा दिवस केलं. पाच रात्री भिंतीवर. पाचव्या दिवशी तो अशा जागी पोहोचला की वर ओव्हरहँग, म्हणजे बाहेर झुकलेला कातळ, पिटॉन ठोकायला एक भेग नाही, आणि आल्या वाटेने परतणंही अशक्य. काही अंतरावर वर कातळाचे पापुद्रे पंज्याच्या बोटांसारखे बाहेर आलेले. त्याने दोराच्या टोकाला गाठी आणि फासे मारून एक गुंता केला आणि तो त्या पापुद्र्यांकडे फेकला. निसटला. पुन्हा फेकला. पुन्हा निसटला. कितीतरी प्रयत्नांनंतर एकदाचा अडकला. ओढून पाहिलं तर धरून होता, पण झोका घेतल्यावर ओढ दुसऱ्याच दिशेने बसणार, तेव्हा तो टिकेल का हे कळायचा मार्ग नव्हता. त्याने हात सोडले, दरीवर झोका घेतला आणि दोरावरून हाताने वर चढत गेला. गुंता टिकला.

तुम्ही म्हणाल, बोल्ट मारायचा ना. प्रसरण बोल्ट त्या काळात आलेले होते. बोनात्तीने ते वापरायला ठाम नकार दिला. भोक पाडून कुठूनही वर जाता येत असेल तर ‘अशक्य’ या शब्दालाच अर्थ उरत नाही, असं त्याचं म्हणणं. हाच विचार पुढे मेसनरने हिरिरीने मांडला. तो स्तंभ आता जागेवर नाही. जून २००५ मध्ये त्याचा बहुतेक भाग कोसळला.

१९५८ मध्ये कार्लो मौरीबरोबर गशेरब्रुम-४ ची पहिली चढाई, ७,९२५ मीटर, प्राणवायूशिवाय. कराकोरममधल्या अवघड शिखरांत ते आजही मोजलं जातं. १९६१ ला आल्प्समधल्या माँ ब्लाँच्या फ्रेने स्तंभावर सात जण, तीन इटालियन आणि चार फ्रेंच, शेवटच्या बुरुजाखाली वादळात दिवसचे दिवस अडकले. उतरताना बोनात्ती वाट काढत पुढे राहिला. तिघंच जिवंत आले. इटलीत त्यालाच दोष दिला गेला, आणि ज्यांचे तीन गिर्यारोहक गेले त्या फ्रान्सने मात्र त्याला आपला राष्ट्रीय सन्मान दिला. मला हे दर वेळी लिहिताना वाईट वाटतं.

आता दोन आक्षेप, जे तुमच्या ग्रुपमध्ये नक्की येतील.

पहिला, तो एकाही अष्टहजारी शिखरावर पोहोचला नाही. खरं आहे. पण ८,१०० मीटरवर उघड्यावर रात्र काढून, स्वतः माथ्यावर न जाता, दुसऱ्यांचा प्राणवायू जागेवर ठेवून उतरलेल्या माणसाला मी या कारणासाठी मागे ढकलणार नाही.

दुसरा, तो पिटॉनला लटकून चढायचा, आजची पोरं तेच टप्पे हातांनी चढतील. चढतीलही. आज आपल्याकडे रबरी तळव्याचे बूट आहेत, कॅम (भेगेत अडकवायची साधनं) आहेत, हवामानाचा अंदाज खिशातल्या फोनवर आहे. कडक बूट, जड सॅक, पुढची भेग कुठे आहे हे सांगणारं कुणी नाही, आणि अडकलात तर वर येणारं हेलिकॉप्टर नाही, अशा अवस्थेत पहिला जाणारा आणि सत्तर वर्षांनी त्याच्या मागून जाणारा यांची तुलना अवघडपणाच्या श्रेणीच्या आकड्यांनी होत नाही.

फेब्रुवारी १९६५ मध्ये, मॅटरहॉर्नच्या पहिल्या चढाईला शंभर वर्षं होत असताना, त्याने तिची उत्तर भिंत नव्या वाटेने, हिवाळ्यात, एकट्याने चढली. त्या वेळी तो ३४ वर्षांचा होता. उतरल्यावर त्याने अशा टोकाच्या चढाया कायमच्या थांबवल्या आणि पुढे जंगलं, वाळवंटं, ज्वालामुखी हिंडत लिहीत आणि फोटो काढत राहिला. २००९ मध्ये गिर्यारोहणातल्या मानाच्या पिओले द’ऑरचा पहिला जीवनगौरव त्यालाच मिळाला, आणि आता तो पुरस्कार त्याच्याच नावाने दिला जातो. मेसनर आणि पोलंडचा गिर्यारोहक कुर्तिका दोघांनाही तो मिळालाय.

ग्रुपमध्ये हे सांगाल तेव्हा अमीर मेहदीचं नावही घ्या. ती रात्र दोघांनी काढली होती.