समुपदेशकाकडे जाण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

‘माझं तसं फार काही बिघडलेलं नाही, तरी समुपदेशकाकडे जावं का?’ असं तू विचारलंस. जावं. फार बिघडेपर्यंत थांबायचा नियम कोणी केलेला नाही. झोप उडालीय, घरात तेच भांडण पुन्हा पुन्हा होतंय, जवळचं माणूस गेलंय, एखादा निर्णय काही केल्या होत नाही. एवढं कारण पुरे.

फक्त एक आधीच सांगते, म्हणजे हिरमुसून परत यायला नको. नोकरी सोडू की नको, याचं उत्तर तिथे बहुधा मिळणार नाही. सल्ला द्यायला आम्ही शिक्षक आहोतच, आणि आम्ही तो न मागताही देतो. समुपदेशक विचारेल, सोडायचा विचार आला की आधी काय वाटतं? कोणाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो? भीती नेमकी कशाची? उत्तर मागायला जायचं आणि प्रश्न घेऊन यायचं, याची सुरुवातीला चिडचिड होते. पण आपण ज्याला मोघमपणे ‘टेन्शन’ म्हणतो, त्यात राग किती, लाज किती आणि नुसता थकवा किती, हे अशाच प्रश्नांतून सुटं होत जातं. सुटं झालं की त्यातल्या एखाद्या गोष्टीचं तरी काही करता येतं.

भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते. पहिल्या वेळी झोप, भूक, तब्येत, घरची माणसं, आधीचे उपचार असं सगळं विचारतात. स्वतःला इजा करून घ्यायचे विचार येतात का, हेही विचारतील. दचकू नकोस. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट असलाच तर बोलायला वाट मिळते. तुझं बोलणं गुप्त राहतं, पण कोणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल किंवा न्यायालयाने माहिती मागितली, तर अपवाद होतो. या मर्यादा पहिल्याच भेटीत विचारून घे. शिक्षण, अनुभव आणि फीसुद्धा विचार, संकोच नको.

पद्धती अनेक आहेत. आरन बेक या मानसोपचारतज्ज्ञाने १९६०च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत मनात आपसूक येणारे विचार लिहून तपासतात. मैत्रिणीने मेसेजला उत्तर दिलं नाही की ‘मी तिला नकोय’ हा विचार येतो; मग त्याला पुरावा काय, दुसरं कारण असू शकतं का, हे बघायचं. घरी करायला गृहपाठही देतात (तुझा गृहपाठाचा इतिहास मला ठाऊक आहे). त्याआधी, १९५७ साली, कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने समुपदेशकाचा खरेपणा, समजून घेणं आणि विनाअट स्वीकार यांवर भर दिला होता. माझं मत विचारशील तर पद्धतीच्या नावापेक्षा माणूस जुळतो का ते बघ. दोघांमधलं नातं आणि होणारा फायदा यांचा संबंध संशोधनातही वारंवार दिसला आहे.

म्हणून काही खटकलं तर तिथेच बोल. ‘मागच्या वेळचं तुमचं वाक्य मला लागलं’, हे म्हणायला जड जातं, पण इतरांसमोर जे गिळतोस ते बोलायची सवय तिथेच लागते. चांगला समुपदेशक ते ऐकून घेईल. जो तुझ्यावरच उखडेल किंवा तासभर स्वतःच्याच गोष्टी सांगेल, तो खुशाल बदल.

काही भेटींनंतर हलकं वाटण्याऐवजी उदास वाटेल, त्या संध्याकाळी महत्त्वाचं काम ठेवू नकोस. कर्ज, परीक्षा, तिरसट साहेब हे बोलून नाहीसे होत नाहीत. औषधांची गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञाकडे जावं लागतं. आणि जीव द्यावासा वाटू लागला, तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. त्याच क्षणी जवळच्या कोणालातरी सांगून दवाखाना गाठायचा.

पहिल्या दिवशी काय बोलावं ते सुचलं नाही, तर ‘सुचत नाहीये’ असंच सांग. तिथे काय बोलणं झालं ते मात्र मला कळवू नकोस. मी खोदून विचारलं तरी नाही.

तुझ्या
बाई